मोजणीत न आलेली जागा

१

आमची कंपनी घरं बांधत नाही, विकतही नाही, नुसती दाखवते. विकायला काढलेल्या घरात आमचा माणूस कॅमेरा घेऊन जातो. कॅमेरा तिपाईवर उभा राहून स्वतःभोवती गोल फिरतो, फोटो काढतो, लेझरने भिंती मोजतो. मग कुठल्यातरी दूरच्या सोफ्यावर पाय पसरून बसलेलं गिऱ्हाईक मोबाइलवर त्या घरातून हिंडतं. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून बाल्कनीत. चपला न काढता. याला आम्ही टूर म्हणतो.

कॅमेरेवाल्यालाच आम्ही तिपाई म्हणतो. पन्नाशीचा, अंगाने दणकट गडी. पूर्वी लग्नाचे फोटो काढायचा. "नवरा-नवरीपेक्षा भिंती बऱ्या," तो म्हणतो, "ऐन वेळी डोळे मिटत नाहीत."

माझं काम भोकं बुजवायचं. कॅमेरा फिरत असताना खोलीत कुणी उभं राहिलं, तर त्याच्या मागची भिंत लेझरला सापडत नाही. संगणक माणूस पुसून टाकतो, पण मागे त्याच्या आकाराचं काळं भोक राहतं. मी शेजारची भिंत उचलून तिथे चिकटवतो आणि कडा पुसतो. इतकी वर्षं हेच केल्यावर भोकावरून माणूस ओळखता येतो. कमरेवर हात ठेवलेली मालकीण, "झालं का?" म्हणून डोकावलेला म्हातारा, खुर्चीखालचं मांजर. आरसा, काच, चकचकीत फरशी यांचीही भोकं पडतात, पण त्यांना पाय नसतात. माणसाचं भोक जमिनीपासून सुरू होतं.

त्या दुपारी नवीन फाइल उघडली आणि माझा हात माऊसवरच थांबला. हॉलच्या खिडकीतली खालची काच बाकीच्या काचांपेक्षा किंचित हिरवट होती. फुटली तेव्हा तशीच काच मिळाली नव्हती, म्हणून दुकानदाराने ही गळ्यात मारली होती. आमच्याच गळ्यात.

ते आमचं घर होतं.

२

मुलगी गेली त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही ते विकलं. तिला आम्ही मुंगी म्हणायचो, कारण चालायला लागल्यापासून ती कायम कुणाच्या तरी मागे. बायको स्वयंपाकघरात गेली की मुंगी मागे, मी दाढी करायला गेलो की मुंगी मागे. शाळेत नुकतं नाव घातलं होतं. ताप आला, तो मेंदूत गेला, आणि दवाखान्यातून आम्ही दोघंच घरी आलो. त्यात कुणाची चूक नव्हती. डॉक्टरांनीही जिवाचं रान केलं. पण चूक नसली की माणसाला रागवायलासुद्धा जागा राहत नाही.

घर विकायचं बायकोने ठरवलं. "इथे मी श्वास घेते तो तिचाच घेते," ती म्हणाली. मी हो म्हणालो.

आता पडद्यावर तेच घर होतं, दुसऱ्यांच्या रंगात. मुंगीच्या खोलीत त्यांनी कपडे वाळत घालायचा स्टँड ठेवला होता. आणि खिडकीशी एक भोक होतं.

फोटोत काहीच नव्हतं. भिंत स्वच्छ, खिडकीच्या कट्ट्यावर ऊन पडलेलं. पण मोजणीत ती जागा नव्हती. जमिनीपासून निघालेला एक अरुंद काळा आकार, खाली दोन जवळजवळचे तुकडे, वर गोल. कट्ट्याच्या थोडा वर येऊन संपलेला.

मी तिपाईला फोन लावला. "त्या घरात कोण होतं रे आज?"

"कोणीही नाही. किल्ली वॉचमनकडून घेतली. का?"

"लहान खोलीत भोक आहे."

"मग ऊन असेल," तो म्हणाला. "बुजव की. त्याचेच तर पगार घेतोस."

ऊन असेल, हे मीही स्वतःला सांगितलं. पण उन्हाच्या भोकाच्या कडा फाटक्या असतात. या कडा नीट होत्या. मी शेजारची भिंत उचलली, तिथे चिकटवली, कडा पुसल्या. पुसताना मी गालापाशी आहे की खांद्यापाशी, असा विचार मनात आला आणि मी उठून पाणी प्यायला गेलो.

३

त्या दिवशी बायकोला काही सांगितलं नाही. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. घरी येते तेव्हा दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून तिचेच डोळे दुखत असतात. टेबलाशी बसून आम्ही जेवलो. मुंगी गेल्यापासून आम्ही समोरासमोर बसत नाही, शेजारी बसतो. समोरची खुर्ची मोकळी ठेवायची असं कुणी ठरवलं नव्हतं. तसं होत गेलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर मी एक गोष्ट केली. आमचं घर विकताना आम्ही आमच्याच कंपनीकडून टूर करून घेतली होती. तेव्हा माझ्या हातून ते काम होणार नाही म्हणून दुसऱ्या एकाने केलं होतं. कच्ची मोजणी आम्ही फेकत नाही, ती पडून असते. मी ती उघडली.

रिकामी खोली. आम्ही सामान हलवल्यानंतरची. खिडकीशी भोक होतं.

ज्याने ते बुजवलं होतं तो आता पलीकडच्या विभागात आहे. त्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "अहो, भोकं काय लक्षात ठेवायची असतात?"

दोन्ही मोजण्या एकावर एक ठेवल्या. खिडकी तीच, कट्टा तोच, कॅमेऱ्याची जागासुद्धा जवळपास तीच. जुन्या मोजणीत भोक कट्ट्याच्या खालीच संपत होतं.

भोकाच्या उंचीवर विश्वास ठेवायचा नसतो, हे मी नव्या पोरांना शिकवतो. कॅमेऱ्याजवळ उभा असलेला माणूस भिंतीवर मोठा दिसतो, सावलीसारखा. म्हणून मी पाय बघितले. पाय जिथल्या तिथेच होते, खिडकीला खेटून.

म्हणजे वाढ झाली होती ती उंचीत.

४

घराची मालकीण नर्स होती. हॉलला नवा रंग दिला म्हणून नवी टूर हवी, असं सांगायला ती स्वतः ऑफिसात आली. हिशेबी बोलणारी, शांत बाई. हे घर आधी आमचं होतं हे तिला माहीत नव्हतं. विक्रीच्या वेळी सगळं माझ्या भावाने निस्तरलं होतं. आमच्या मॅडमनी तिला माझ्यासमोर आणून बसवलं.

"इतक्यात का विकताय? चांगलं घर आहे," मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चांगलंच आहे," ती म्हणाली. मग पर्सचा बंद हातात गुंडाळत राहिली. "हसाल तुम्ही."

"हसणार नाही."

"मी प्रेतांशेजारी रात्रपाळ्या काढल्यात. मला भीतीबिती वाटत नाही. आणि तिथे काही होतही नाही. भांडी पडत नाहीत, कुणी रडत नाही. फक्त आम्ही बाहेरून आलो ना, दाराला किल्ली लावली, की आतून कुणीतरी पळत येतं. आवाज असा नाही. पण फरशी जाणवते ना, तसं. दार उघडेपर्यंत अगदी दाराशी. आणि मग आम्ही आत येतो."

ती थांबली.

"आणि?"

"आणि हिरमोड होतो," ती म्हणाली. "आमचा नाही हो. त्या घराचा. आम्हाला बघून. रोज. आपण कुणीतरी भलतेच आलोय असं रोज, स्वतःच्या घरात. मिस्टर म्हणतात, तुझ्या डोक्यात आहे. पण तेही आता आत येताना खाली मान घालतात. कोणीतरी वाट बघतंय, दादा. आमची नाही."

मी तिला पाणी दिलं. मोजणीची वेळ लिहून घेतली.

५

पुढच्या मोजणीला मी तिपाईबरोबर गेलो. मॅडमना सांगितलं, जागेवर जाऊन उन्हाचा प्रश्न सोडवतो.

भर दुपार होती. जिन्यात फोडणीचा वास, कुणाकडे तरी टीव्हीवर मॅच. मी किल्ली फिरवली आणि श्वास रोखून फरशीकडे लक्ष दिलं. काही जाणवलं नाही. की जाणवलं? नर्सने सांगितलं म्हणून जाणवलं असेल. आत ताज्या रंगाचा वास कोंडला होता. पंख्याचं बटण त्याच जागी होतं, आणि माझा हात न बघता त्यावर गेला.

तिपाईने हॉलच्या मधोमध कॅमेरा उभा केला. "चला, बाहेर. फिरू दे त्याला."

"तू जा. मी आत थांबतो."

"अरे, तुझंच भोक पडेल."

"बुजवीन," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला आमचं माहीत होतं, घर कोणतं ते माहीत नव्हतं. बहुतेक तेव्हा कळलं. तो टॅब्लेट घेऊन बाहेर गेला आणि त्याने दार ओढून घेतलं.

कॅमेरा फिरू लागला. बारीक गुणगुण, मध्ये थांबणं, पुन्हा गुणगुण. मी भिंतीशी उभा होतो, हात बाजूला सोडून. खोली खोलीसारखीच होती. हिरवट काचेतून आलेलं ऊन जमिनीवर पडलं होतं. मी नाव घेतलं नाही. नाव घेतलं आणि काही झालं नाही, तर काय करायचं, या भीतीने घेतलं नाही. आणि काही झालं असतं तर?

गुणगुण थांबली. मी बाहेर आलो. तिपाई जिन्याच्या पायरीवर बसला होता, टॅब्लेट मांडीवर पालथा घालून.

"दाखव."

"राहू दे ना, दादा." मला तो कधी दादा म्हणत नाही. माझ्याहून मोठा आहे.

"दाखव रे."

माझं भोक भिंतीवर होतं. खांदे पडलेले, पोक काढलेलं. माझी उंची सोडून बाकी सगळं म्हाताऱ्याचं. त्याच्या शेजारी दुसरं होतं, माझ्या कोपराच्या वर येणारं. दोन्हींच्या मध्ये भिंत सापडली होती, वरपासून खालपर्यंत, एका जागेखेरीज. जिथे माझा हात संपत होता, तिथे दोन्ही भोकं एक झाली होती.

मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं उघडून पाहिली. सगळा वेळ तो हात असाच लोंबत होता आणि मला काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं. ना थंड, ना गरम, ना वजन.

तिथे पायरीवर बसून मी रडलो. तिपाई माझ्या पाठीवर हात ठेवून समोरच्या बंद दाराकडे बघत राहिला.

६

बायकोला सांगितलं तेव्हा वाटलं होतं ती मला वेड्यात काढेल. तिने दुकानातला चष्मा पुसायचा कपडा हातात घेतला, लॅपटॉपची काच पुसली आणि तिन्ही मोजण्या एकामागून एक बघितल्या.

"उंच झालीये," ती म्हणाली. एवढंच.

"ही मुंगीच कशावरून?" मी म्हणालो. खरं तर मीच तिला पटवायला बसलो होतो, पण तिने इतक्या पटकन मानलं की मलाच भीती वाटली. "काहीही असू शकतं. भलतंच काही असलं तर?"

"आपली वाट दुसरं कोण बघणार?"

मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी काढली. नर्सचं सामान एव्हाना हललं होतं, किल्ली ऑफिसकडे होती. दार उघडल्यावर ती उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसली. शाळेतून येणाऱ्या पोराला जवळ घ्यायला बसतात तशी. दोन्ही हात पुढे केले. तशीच बसून राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

मग ती बोलायला लागली, अगदी रोजच्या आवाजात. "अगं, आम्ही इथे राहत नाही आता. तुला सांगायचंच राहिलं. तू दवाखान्यात आहेस असं आम्ही समजलो आणि तू इथे आलीस, हो ना? शहाणी माझी ती. आता ऐक. आपलं घर पुलाच्या पलीकडे आहे. पाण्याची मोठी टाकी आहे ना, तिच्याजवळ. दार निळं आहे. निळं दार दिसलं की आत यायचं. घाबरायचं नाही."

"तिला घेऊनच जाऊ," मी म्हणालो. "आपल्या मागून येईल. नेहमी यायची."

"इतकी वर्षं आली नाही ती मागून," बायको म्हणाली. "आपण सामान घेऊन निघालो तेव्हाही आली नाही. तिला वाटलं असेल, परत येतील."

आणि तेव्हा दाराशेजारच्या चपलांच्या कपाटाचं दार उघडलं.

खाडकन नाही. चिमुकल्या हाताने खालून ओढावं तसं, अडखळत. बिजागरी कुरकुरली. वारा नव्हता. खिडक्या बंद होत्या. दार अर्धं उघडून थांबलं, आतल्या रिकाम्या फळ्या दिसल्या. नंतर बराच वेळ काहीच नाही.

बायकोच्या तोंडातून एक आवाज निघाला, तो मी त्याआधी फक्त दवाखान्यात ऐकला होता.

"तिचे बूट," ती म्हणाली. "अरे, आपण तिचे बूट देऊन टाकले."

मी तिला उचलून बाहेर आणलं. दार लावलं नाही. लावायचा धीरच झाला नाही.

७

त्या घराची शेवटची मोजणी तिपाईने केली. भिंत न् भिंत भरलेली आली, बुजवायला काही नव्हतं. घेणाऱ्या लोकांचा मॅडमना फोन आला की घर फार मोकळं वाटतं.

आम्ही वाट बघत होतो. बायको दुकानातून धावत घरी यायची. तिने नवे बूट आणले, अंदाजाने एक मोठं माप, आणि आमच्या निळ्या दाराच्या आत ठेवले. रोज सकाळी ते जिथल्या तिथे असायचे.

मग माझ्या पडद्यावर एका दुसऱ्याच घराचं काम आलं. पुलाच्या अलीकडचं. हॉलमध्ये, दाराच्या अगदी आत, भोक होतं. मी फोटोंत मागे जाऊन बाहेरची बाजू बघितली. दार निळं होतं.

त्यानंतर आणखी एक आलं, पुलापलीकडचं. निळं दार. बरोबर येतेय, मी स्वतःशी म्हणालो, शाब्बास. पण पुढचं आलं ते टाकीच्या उलट्या बाजूचं, बाजारामागचं. त्याच्या पुढचं आणखी लांब. शहरात निळी दारं किती आहेत ते आम्हा दोघांपैकी कुणी कधी मोजलंच नव्हतं. आणि पाण्याची टाकीही एकच नाही.

प्रत्येक ठिकाणी ती दाराच्या आत थोडीशीच आलेली असते. पुढे जात नाही. दुसऱ्यांचं घर आहे हे तिला कळत असणार. मी भिंत उचलतो, चिकटवतो, कडा पुसतो, आणि टूर लोकांपुढे जाते. ते मोबाइलवर त्या दारातून आत शिरतात आणि तिच्या अंगावरून चालत स्वयंपाकघर बघायला जातात.

काल आलेलं घर शहराच्या पार टोकाला होतं, जिथे गोदामं सुरू होतात. तिथे भोक उभं नव्हतं. दाराशेजारी, जमिनीलगत, आखडलेलं. गुडघे पोटाशी घेऊन बसलं की असतं तसं. पाय कुठे संपतात ते बघायला मी चित्र मोठं केलं. तिथे, फोटोतल्या फरशीवर, बारीक काळपट ठसे होते. आजवर फोटोत कधीच काही दिसलं नव्हतं. चालून चालून मळलेल्या अनवाणी पावलांचे ठसे. मी ते पुसले नाहीत. मॅडम ओरडल्या तरी पुसले नाहीत.

संध्याकाळी घरी गेलो. बायको टेबलाशी तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती, ओटीत बूट घेऊन, त्यांच्या नाड्या सैल करत. नव्या बुटांच्या नाड्या घट्ट असतात, लहान मुलांना सुटत नाहीत.

"आज कुठे दिसली?" तिने विचारलं.

मी हात धुतले. पुसले. टॉवेल जागेवर ठेवला.

"जवळच," मी म्हणालो. "टाकीच्या मागच्या गल्लीत."

"मग आज-उद्या पोचेलच," ती म्हणाली, आणि दाराची कडी काढायला उठली.